दार आणि रेघ

सहामाही परीक्षा संपायच्या आधीच आमच्या अंगणाचा ताबा नातीने घेतला. विटांचे तुकडे आले, जुनी पोती आली, माती चाळून झाली, आणि दिवाळीचा किल्ला उभा राहू लागला. या खेपेस किल्ल्याला खंदक हवा असा तिचा हट्ट होता. खंदक झाला. त्यात तांब्याभर पाणी ओतले. मग बाईसाहेब कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आजोबा, आता ह्या मावळ्यांनी बाजाराला जायचं कुठनं?"

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल याची गणती नाही. खाली उदाहरणे : श्रीलंका, मॉरिशस, फिजी. मुले पाठ करीत आणि दोन गुण पदरात पाडून घेत. पण त्या भूभागावरच्या माणसांनी बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या घरी जायचे कुठनं, हा प्रश्न पुस्तकात नव्हता आणि तीस वर्षांत मलाही कधी पडला नाही. तो पडला ऑगस्ट २०१९ मध्ये, आणि तोही माझ्या सख्ख्या बहिणीच्या जिवावर बेतला तेव्हा.

वाचकहो, आमचे हातकणंगले तसे नदीकाठचे गाव नव्हे. स्टेशन आहे, बाजार आहे, आळत्याकडे डोंगर आहेत. पूर आमच्या उंबऱ्याशी येत नाही, आणि त्यामुळे पुराच्या बातम्या आम्ही चहाबरोबर वाचणाऱ्यांपैकी. पण जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेच्या अंगाला वारणा, दक्षिणेच्या अंगाला पंचगंगा, आणि पूर्वेला शिरोळ तालुका ओलांडला की कृष्णा. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. म्हणजे आम्ही तीन नद्यांच्या कुशीत बसलेलो. कुशीत आहोत तोवर कुणाला नदी आठवत नाही.

त्या ऑगस्टात घाटमाथ्यावर पाऊस थांबायला तयार नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांपर्यंत चढले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. मालमोटारींच्या रांगा लागल्या. सांगलीच्या बाजूला अंकलीचा रस्ता गेला. मिरज-कोल्हापूर आगगाडी थांबली. कोल्हापूर आमच्यापासून वीस-एकवीस किलोमीटर, पण त्या आठवड्यात ते काशीइतके लांब होते. पश्चिमेला जोतिबा-पन्हाळ्याच्या डोंगराची धार कोरडी होती, म्हणून शास्त्राप्रमाणे आम्हांला बेट न म्हणता द्वीपकल्प म्हणायला हवे. पण भाजीच्या बाजारात शास्त्र चालत नाही. तिथे कोथिंबिरीची जुडी आम्हांला आम्ही कोण ते सांगत होती.

आता आक्काचे सांगतो.

माझी थोरली बहीण कुरुंदवाडला दिली आहे. कुरुंदवाड पंचगंगेच्या दक्षिण काठाला, कृष्णेशी होणाऱ्या संगमाच्या तोंडाशी. आक्काची मूत्रपिंडे काम करीत नाहीत. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, मिरजेला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. कुरुंदवाडहून मिरजेला जायचे म्हणजे आधी पंचगंगा ओलांडायची आणि मग कृष्णा. एरवी हा तासाभराचा मामला. पूल असले की नद्या मोजायची आपल्याला सवय राहत नाही.

शनिवारी, ३ तारखेला, ती मिरजेला जाऊन आली. रविवारी मी फोन केला. पाणी वाढत होते. मी म्हटले, "आक्का, आमच्याकडे ये. इकडून इचलकरंजी कोरड्या रस्त्याने गाठता येते. तिथं तुझी सोय होईल." ती म्हणाली, "अरे, उद्या पंचमी. लेकी माहेराला आल्यात. पुरणाचे दिंड करते, नागोबाला लाह्या-दूध दाखवते, आणि मंगळवारी सकाळी निघते की." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरं."

हे 'बरं' मला अजून टोचते. भूगोलाचा मास्तर मी. पंचगंगेला पूर आला आणि त्याच वेळी कृष्णाही फुगलेली असली, म्हणजे पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत येते, हे मी मुलांना शिकवलेले. आमच्याकडे याला 'फूग' म्हणतात. फूग वर चढताना गडगडाट करीत नाही. संध्याकाळी शेताच्या बांधावर असते, सकाळी रस्त्यावर. एवढे ठाऊक असून मी 'बरं' म्हणालो, कारण मला वाटले, रस्ता आहे, तो उद्याही असेल.

मंगळवारी सकाळी रस्ता नव्हता.

बुधवार गेला. गुरुवार गेला. आक्का शेजाऱ्यांच्या माडीवर होती. अशा आजाऱ्याला पाणी मोजून प्यावे लागते, कारण प्यालेले पाणी अंगाबाहेर जायला वाट नसते. खाली सगळा गाव पाण्यात, आणि ही माडीवर बसून फुलपात्राने घोट मोजते आहे. पाय सुजले होते, धाप लागत होती. फोनवर ती मला धीर देत होती. मी काय बोलणार?

त्याच गुरुवारी, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळची बातमी आली. पलूस तालुक्यातले हे गाव कृष्णा आणि येरळेच्या संगमावर. पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि सतरा जीव गेले. त्यांत बाया होत्या, लेकरे होती. ती नाव सुटकेची होती हे लक्षात घ्या. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीला नावेतच बसायचे होते. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवले नाही.

शुक्रवारी जवानांच्या बोटीतून तिला पैलतीरी आणले. अंगात तो नारिंगी कोट घातलेली आक्का मला ओळखू आली नाही. रात्री इचलकरंजीच्या दवाखान्यात तिला यंत्राला जोडले. डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "वेळेत आलात म्हणायचं," आणि पुढचे वाक्य त्यांनी गिळले. मला ते ऐकायचेही नव्हते.

पूर ओसरला. पण माझ्या मनातून तो रस्ता ओसरेना. मग रिकामपणी मी जगातल्या बेटांचे वाचन सुरू केले. जे तीस वर्षे शिकवले ते शिकायला बसलो म्हणा ना! आणि लक्षात आले की आमचा एक आठवडा म्हणजे कित्येक देशांचा बारमाही संसार आहे.

छोट्या बेटावर बहुधा एकच मुख्य रस्ता असतो, किनाऱ्याकिनाऱ्याने गेलेला. एक मोठे बंदर. एक विमानतळ. सांगलीला संकट आले तर साताऱ्याहून मदत निघते. बेटाला सातारा नसतो. जानेवारी २०२२ मध्ये प्रशांत महासागरात टोंगाजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. राख विमानतळाच्या धावपट्टीवर पसरली आणि मदतीची विमाने उतरेनात. तेव्हा तिथल्या माणसांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन ती राख दिवसच्या दिवस उपसली, तेव्हा कुठे पाचव्या दिवशी पहिले विमान उतरले. वेस्ट इंडीजकडच्या डोमिनिका बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया नावाचे चक्रीवादळ आदळले. एका रात्रीत झालेले नुकसान त्या देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होते. घर, शेत, पूल, रस्ते, सगळे त्यात आले. दोन वर्षे सगळ्या देशाने उपाशीपोटी राबावे तेव्हा एका रात्रीचे कर्ज फिटावे, असा तो हिशेब.

आणि मॉरिशस तर आपल्या नात्यातला. एकोणिसाव्या शतकात कोकणपट्टीतून मराठी माणसे तिथे उसाच्या मळ्यांत राबायला गेली, आणि त्यांच्या पणतवंडांच्या घरी आजही गणपती बसतो. तिथे चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग ठरलेले आहेत. पहिला वर्ग म्हणजे वादळ दूर आहे, तयारीला लागा. चौथा म्हणजे ते दारात आले. वर्गाचा आकडा ऐकला की घरातल्या आजीबाईलाही पुढचे कळते. तरीही मार्च २०१३ मध्ये राजधानी पोर्ट लुईसमध्ये अवचित लोंढा आला आणि अकरा माणसे गेली. त्यांतली काही रस्त्याखालच्या भुयारी वाटेत अडकली होती. जानेवारी २०२४ च्या वादळात त्याच शहरात मोटारी कागदी होड्यांसारख्या वाहताना साऱ्या जगाने पाहिल्या. म्हणजे नुसता इशारा पुरत नाही. इशारा आला तेव्हा रस्त्यावर कोण आहे, आणि रस्त्यावरच्या पाण्याला जायला वाट कुठे आहे, हेही आधी ठरलेले असावे लागते.

इथे आमच्या स्टेशनावरच्या कट्ट्यावरचे एक स्नेही मला नेहमी अडवतात. त्यांचे उत्तर सोपे असते : "मास्तर, रस्ता उंच करा. वीस फूट भराव टाका. संपला विषय!"

विषय संपत नाही, तो शेजाऱ्याच्या घरात शिरतो. पूर हा नदीच्या पात्रापुरता नसतो. तो दोन्ही अंगांच्या मळीतून, मैलाच्या रुंदीने वाहतो. त्याच्या वाटेत तुम्ही मातीचा उंच भराव आडवा घातलात, की रस्ता राहतो बाजूला, तुम्ही बांध घातलेला असतो. पाण्याला पलीकडे जायला उरते फक्त पुलाची कमान. मग भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, ज्या घरांत कधी आले नव्हते तिथे येते. आणि पुलाखालून जाते ते असे जोरात, की पायाची माती खरवडून नेते. भरावावरून ते उलटून पडू लागले तर पलीकडच्या उतारावरची माती आधी ढासळते आणि डांबराचा थर पोकळ पापडासारखा तुटतो. रस्ता उंच करायलाच हवा अशा जागा आहेत, नाही असे नाही. पण तिथे तो खांबांवर उचलायचा, किंवा भरावात जागोजाग रुंद मोऱ्या ठेवायच्या. खर्च अधिक होतो खरा. पण भरावाचा स्वस्तपणा वरच्या गावाच्या खिशातून काढलेला असतो, एवढेच.

आणि गंमत अशी की हे शहाणपण शिकायला आम्हांला बोटीत बसून परदेशी जायचे कारण नाही. ते आमच्या अंगणात आहे.

नरसोबाच्या वाडीला गेलात तर दत्ताचे देऊळ अगदी नदीच्या घाटावर बांधलेले दिसेल. पूर येणार हे बांधणाऱ्याला ठाऊक नव्हते थोडेच! पावसाळ्यात पाणी चढते, उत्तरेकडून देवळात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. हाच तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून धावतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती कुठे हलवायची ते ठरलेले आहे. ऐन वेळी पुजारीमंडळींची सभा भरत नाही. पाणी पायरीशी आले की देव उठतो आणि वरच्या जागी जातो. पूर उतरला की गाळ काढायचा, देऊळ धुवायचे, पूजा सुरू. देवाला जे कमीपणाचे वाटले नाही ते आमच्या रस्त्याला का वाटावे?

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्याचे नावच घेऊन देशभर फिरते : कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीत ओळीने खांब, खांबांच्या खाचांत बरगे. उन्हाळ्यासाठी बरगे घातले की पाणी अडते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून ठेवले की नदी मोकळी. वरून माणसे, सायकली, बैलगाड्या जातात. पुरात तो सबंध बंधारा पाण्याखाली जातो. दर पावसाळ्यात 'इतके बंधारे पाण्याखाली' ही बातमी येते आणि पुण्या-मुंबईचे वाचक हळहळतात. अहो, तो बुडण्यासाठीच बांधलेला आहे! पाणी उतरले की अंग झटकून तो पुन्हा उभा. राधानगरीच्या धरणालाही सात दरवाजे असे आहेत की तलाव भरला की आपले आपण उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत.

तिसरे उदाहरण आमची आगगाडी. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने बांधला आणि १८९१ साली त्यावरून गाडी धावली. रेल्वेच्या पुलांच्या खांबांवर धोक्याची एक रेघ रंगवलेली असते. पाणी रेघेला लागले की गाडी थांबते. मग आत मंत्री असो की मजूर, 'जाऊ द्या हो एवढी एक फेरी' ही भाषा तिथे नाही. ही रेघ पावसाळ्यात काढलेली नसते. ती कोरड्या दिवसांत, शांत डोक्याने काढलेली असते. म्हणूनच तिच्याशी कुणी वाद घालीत नाही.

मला वाटते, बेट असो की हातकणंगले, सगळे सार या दोन गोष्टींत आहे. पाण्याला दार हवे आणि माणसाला रेघ हवी. दार नसले तर रस्ता जातो. रेघ नसली तर रस्त्यावरचा माणूस जातो. माझ्या आक्काच्या वेळी दार होते की नव्हते ते इंजिनिअर सांगतील, पण रेघ नव्हती हे मी सांगतो. 'पंचमी करून निघते' आणि 'बरं' या दोन शब्दांमध्ये ती कुठेतरी पुसली गेली होती.

आणि दाराच्या बाबतीतही मी फार साळसूद नाही, हे कबूल केलेले बरे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी मोरी होती. तिचे तोंड आमच्या फाटकाला लागून. स्कूटर आत घेताना चाक अडखळते म्हणून काही वर्षांपूर्वी मी तिथे दोन बुट्ट्या मुरूम टाकून जागा सपाट केली. चार लोकांनी माझी अक्कल उचलली आणि आपापल्या दारापुढे तेच केले. २०१९ च्या त्या पावसात नदी आमच्यापासून मैलोगणती दूर असताना आमच्या गल्लीत मात्र दोन दिवस गुडघाभर पाणी! शेवटी घमेले आणि पहार घेऊन मी स्वतः मुरूम उपसला, तेव्हा मोरीने घशातून आवाज काढला आणि तासाभरात गल्ली मोकळी झाली. समोरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "भूगोलाचे सर ना तुम्ही?" उत्तर द्यायला तोंड नव्हते.

वाचकहो, आपणही आपापल्या दारापुढची मोरी आठवून पाहा. शहरात तिच्यावर आता दुकान असेल, कदाचित इमारतही असेल. नदीकाठच्या शहरांसाठी निळी आणि लाल अशा पूररेषा आखतात. निळीच्या आत नदीचे हक्काचे घर, लालीपर्यंत तिची अधूनमधूनची वहिवाट. सदनिका घेताना आपण स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड चारदा विचारतो, पण घर कुठल्या रेषेत आहे आणि पुरात त्या घराचा रस्ता कोणत्या बाजूने उरतो हे एकदाही विचारीत नाही. पाणी घरात आले नाही तरी रस्त्यावर आले की घर बेट होते, हे आमच्या हातकणंगल्याने त्या वर्षी शिकून घेतले.

कोल्हापूरचा तो पूर ओसरून दीड महिना झाला होता, तेव्हाची गोष्ट. २३ सप्टेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताने एक आंतरराष्ट्रीय आघाडी जाहीर केली. रस्ते, पूल, वीज, दवाखाने आपत्तीतही टिकावेत यासाठी देशोदेशींनी एकमेकांना मदत करावी, हा तिचा हेतू. तिची कचेरी दिल्लीत आहे. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत याच आघाडीने खास छोट्या बेट-राष्ट्रांसाठी एक योजना सुरू केली. फिजी, जमैका, मॉरिशस तिच्यात सामील झाले. वाचून अभिमान वाटला. आपण बेटांच्या मदतीला जातो ही भूषणाची गोष्ट आहे. फक्त मनात आले, की दिल्लीहून फिजीला जाणारे शहाणपण वाटेत जरा शिरोळ तालुक्यात उतरावे. राजापूर, खिद्रापूर, कुरुंदवाड हीही बेटेच आहेत. फरक एवढाच की ती नकाशात सापडत नाहीत, कारण ती पावसाळ्यातले चार-आठ दिवसच असतात.

तोवर आपण काय करावे? मी माझ्यापुरते केले ते सांगतो. २०१९ च्या भाऊबिजेला आक्काने ओवाळले तेव्हा मी तबकात नेहमीचे पाकीट ठेवले. तिने ते परत केले. म्हणाली, "पैसे नकोत. पुढच्या वेळी मी 'ने' म्हणेन त्या दिवशी न्यायला ये. आणि मी 'नको' म्हटलं, तरी ये." मग आम्ही दोघांनी तिच्या स्वयंपाकघरात बसून, दिव्याच्या उजेडात, तिच्या औषधांच्या वहीत एक पान लिहिले. बंधाऱ्यावरची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांची वाट बघत बसायची नाही. घाटाकडे सलग दोन दिवस मोठा पाऊस आणि कृष्णाही चढती, की निघायचे. सण असो, पाहुणे असोत. कोणत्या रस्त्याने निघायचे, तो गेला असेल तर दुसरा कोणता, कुणाची गाडी, कोणत्या दवाखान्याला आधी कळवायचे, सगळे त्या पानावर. पिशवी दाराआड खुंटीला : कागद, औषधे, टॉर्च, दोन लुगडी. ही झाली आमची रेघ.

जुलै २०२१ मध्ये आषाढी एकादशी मंगळवारी होती. दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, मी अंगणात दात घासत असताना फाटकाशी मोटारसायकल थांबली. मागे आक्का, डोक्यावर प्लास्टिकचे घोंगडे, मांडीवर ती पिशवी. मी विचारले, "काय ग, फोन तरी करायचास!" ती उतरता उतरता म्हणाली, "तू 'बरं' म्हणाला असतास."

त्यानंतर दोन दिवसांत पंचगंगा ५६ फूट ३ इंचांवर गेली, २०१९ पेक्षाही वर. महामार्ग पुन्हा बंद. कुरुंदवाडला पुन्हा वेढा. आणि आक्का आमच्या ओसरीवर बसून नातीच्या परकराला टीप मारत होती. शनिवारी तिला मी इचलकरंजीला नेऊन आणले. वाटेत ती एकच म्हणाली, "आमच्या गल्लीतली ती बाळंतीण निघाली का बघायला हवं होतं." मी वहीतल्या पानाच्या खाली ती ओळ वाढवली : निघताना गल्लीत कोण अडून राहील ते पाहणे. आपल्या एकट्यापुरती रेघ ओढून भागत नाही, हे तिने मला न शिकवता शिकवले.

हा मजकूर पुरा करून मी अंगणात गेलो, तर किल्ल्यावर नवे काम निघाले होते. खंदकावरून बाजाराला जायला मातीचा रस्ता झाला होता, आणि पहिल्याच तांब्याला तो फुटून गेला होता. नात रुसली होती. मी परसातल्या पपईच्या झाडाचे एक पोकळ देठ कापून आणले, त्याचे तीन तुकडे केले आणि रस्त्याखाली आडवे पुरून दिले. तिने पुन्हा तांब्या ओतला. पाणी देठांतून पलीकडे गेले आणि रस्ता राहिला. मावळे लगेच बाजाराला निघाले.

भाऊबिजेला आक्का येते आहे. या दिवसांत रस्ता कोरडा असतो, पुलाखाली नदी शहाण्यासारखी वाहते, आणि पुराचा विषय काढला की लोक म्हणतात, "सणासुदीला काय हे!" पण रेघ ओढायची ती असल्याच दिवसांत. फराळ झाला की वहीचे एक पान फाडा, घरातल्या सगळ्यांना बसवा, आणि आपला रस्ता कुठल्या बाजूने उरतो ते लिहून काढा. नंतर जरा दारापुढची मोरीही पाहून या. तिच्यात मुरूम कुणी टाकला ते विचारू नका. माझ्यासारखा एखादा सज्जन शेजारी तोंड लपवून उभा असेल.